गिरणीपुढचे गोल

फडकं मी तोंडाला आधीपासूनच बांधतो.
सत्तावीस वर्षं पीठ उडतंय नाकातोंडात.
लोक हसायचे, "दरोड्याला निघालास काय रं जोतिराम?"
एप्रिलात सगळं विटं दरोडेखोर झालं.

नगरपालिकेचा माणूस चुना घेऊन आला,
पावलं मोजून गिरणीपुढं अकरा गोल काढले.
अकरावा निम्मा गटारीत गेला.
"बसतील तेवढे बसतील," म्हणाला, अन् गेला निघून.

ऊन असं, की गोलात माणूस ठरेना.
मग डबेच उभे राहायला लागले.
हौसाक्काचा कडीचा, सुतळीनं आवळलेला,
मुल्लाणींचा डालड्याचा, झाकणावर दगड,
शिक्षक कॉलनीतल्या बाईंचा स्टीलचा, वर चिठ्ठी:
‘कृपया हात न लावता दळावे.’

हात न लावता.
चिठ्ठी अजून आहे, स्टार्टरशेजारच्या खिळ्याला.

पैशांना वाटी ठेवली, साबणाच्या पाण्याची.
नाणी बुडायची, नोटा तरंगायच्या.
रात्री बायको नोटा दोरीवर टाकायची
पोरांच्या चड्ड्यांशेजारी, चिमटे लावून,
सकाळी इस्त्री. दहाची एक कडेला करपली,
कुणी घेईना. देवापुढं आहे.

सगळ्यांनी दिवे घालवले त्या रात्री
मी सवयीनं उठून मोटरचं बटण बघून आलो.
बायको म्हणाली, आवो, लाइट गेली न्हाई,
आपणच घालवलीय.

मग पंचविसाव्या का सव्विसाव्या दिवशी
सहाव्या गोलात एक हिरवा डबा.
कोण ठेवून गेलं दिसलं नाही,
पण करपल्याचा वास यावा तसं कळलं सगळ्यांना:
कोइमतूरहून निवास आलाय,
सोनं गाळायची भट्टी बंद करून,
कांद्याच्या ट्रकमधनं, बायकापोरांसकट.
हातावर शिक्का, दारावर कागद.

पाचवा डबा चौथ्याला येऊन चिकटला.
सातवा आठव्यात.
(तेव्हा अंतर कुठं गेलं, विचारू नका.)
कुणीतरी झाडूच्या दांड्यानं हिरवा ढकलत नेला
अकराव्यापर्यंत, गटारीच्या काठावर.
गेल्या साली याच निवासनं देवळाला कळस दिला.
मिरवणुकीत त्याला खांद्यावर कोणी कोणी घेतलं
ती नावं मी सांगणार नाही,
माझी गिऱ्हाईकं आहेत.
आणि एक खांदा माझाही होता.

दिवस कलला. सगळे डबे गेले. हिरवा राहिला.
खोटं कशाला बोलू,
मीपण त्याच्याकडं तासभर नुसता बघत बसलो.
झाकण उघडलं ते काठीनं.
आत शाळू, चारेक किलो.
वर पुडीत वीस रुपये, धुतलेले, अजून दमट,
आणि वहीच्या पानावर पोरीचं अक्षर:
‘काका, आमचं सगळ्यात शेवटी दळा.’

काठी खाली ठेवली.

एक गोष्ट गिरणीवाला कधी बोलत नाही.
दळण संपलं तरी दगडात मूठभर पीठ राहतंच,
ते पुढच्याच्या डब्यात उतरतं.
निवासच्या शाळूत हौसाक्काची बाजरी आली थोडी,
मुल्लाणींचा गहू आला.
निवासचं जे दगडात राहिलं
ते सकाळी कॉलनीतल्या बाईंच्या डब्यात जाणार,
हात न लावता.

फाटकाशी डबा ठेवून दहा पावलं मागं आलो.
हाक मारली.
खिडकीत निवास दिसला, तोंडाला टॉवेल,
दोघांचे नुसते डोळे. काय बोलायचं सुचेना.
म्हटलं, पीठ गरम हाय अजून.
झाकण लगेच लावू नका.